वहीत तुमचं पान नव्हतं

अहो,

काल दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वळखलं का वैनी?"

तुम्ही असतात तर आतून मोठ्यांदा ओरडला असतात, "या या बापूराव, राशीनहून कवा निगाला?" असं काहीतरी. नाव आणि गाव एका दमात माझ्या पदरात पडलं असतं आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन हसत बाहेर आले असते. तेहतीस वर्षं आपण हेच केलं. काल आतून कोणी ओरडलं नाही. मी त्या माणसाकडे बघत राहिले. कपाळ होतं, डोळे होते, मिशी होती, सगळं जागच्या जागी होतं. कोण होता ते मला अजून माहीत नाही. मी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागले. रडणाऱ्या बाईला कोणी ओळख विचारत नाही, हे मी या तेरा दिवसांत शोधून काढलं आहे. पण आता तेरावाही झाला. आता लोक म्हणतील, पुरे झालं वैनी, डोळं पुसा. मग मी काय करू?

मला भीती वाटते. दुःख आहेच, ते कुठे जातंय. पण दुःखाला निदान चार बायका जवळ येऊन बसतात. या भीतीत मी एकटी आहे, कारण ती फक्त तुम्हाला माहीत होती.

आठवतं, कशी कळली तुम्हाला? लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मामंजी गेले होते. दहाव्याला तुम्ही डोकं आणि मिशी उतरवून नदीवरून घरी आलात. मी उंबऱ्यात पदर सावरून म्हणाले, "कोन पावनं? मालक न्हाईत घरी, दहाव्याला गेल्यात." तुम्ही आधी हसलात. बापाच्या दहाव्याला बायको चेष्टा करते म्हणून रागवायच्या बेतातही होतात. मग माझ्या डोळ्यांकडे बघितलंत. तसेच मागे वळून मेंढरांपाशी गेलात आणि तिथून त्यांना रोजची हाळी दिलीत. तो आवाज कानावर पडला आणि मी उंबऱ्यातच बसले. नवऱ्याला पाहुणा म्हणाले होते.

त्याआधी मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. माणूस आवाजावरून, चालीवरून, नेहमीच्या लुगड्यावरून ओळखायचा आणि ज्याला ते पटकन जमतं तो हुशार. बारावीपर्यंत शिकले, पण लोक नुसतं तोंड बघून ओळखतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगू, अजून माझा त्यावर पुरता विश्वास बसत नाही. तोंड मला दिसत नाही असं नाही. समोर आहे तोवर नाक कसं, हनुवटी कशी, एकेक सांगू शकते. मान वळवली की पाटी पुसली. पुन्हा बघावं तर पुन्हा नवंच माणूस.

दुसरा कोणी असता तर मला माहेरी नेऊन सोडलं असतं. तुम्ही मला संध्याकाळी मेंढरांत घेऊन गेलात. कळप रानातून परत आला की घरी ठेवलेली कोकरं पाजायला सोडायची वेळ. चाळीस मेंढ्या एकदम ओरडतायत, कोकरं पायांतून पळतायत, नुसता धुरळा. त्यात चुकलेलं कोकरू तुम्ही मानगुटीला धरून उचलायचात आणि धड न बघता बरोबर त्याच्या आईच्या कासेला लावायचात. मी म्हणाले, सगळी तर सारखी काळी, तुम्हाला कळतं कसं? तुम्ही म्हणालात, "मी काय तोंड बघतो व्हय? कुनाचा कान मुडपल्याला हाय, कोन मागचा पाय वडतंय, कुनाचा आवाज फाटका हाय, ते बघतो. तू बी मानसं आशीच बघ की."

आणि मग ते बोललात, जे मी अजून धरून बसले आहे. "मानसाच्या डोक्यात बी आसंच हुत आसंल बघ. दिसल्यालं तोंड म्हंजी कोकरू. ते आत पळतं, आपली आय हुडकतं. लोकांच्या डोक्यात एक म्हेंढी वरडती, ये, तू माझं. तुझ्या डोक्यात कोकरू वरडून वरडून दमतं, पन कुनी वळूनच बघत न्हाई." सातवी शिकलेला माणूस. नंतर नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत, त्यांनी बॅटरी मारून बघितली आणि डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. तुमचं सांगणं मला जास्त पटलं होतं.

मग ती वही. माझ्या शिवणकामाच्या मापांची वही उलटी केलीत आणि मागच्या पानापासून तुम्ही माणसांची मापं लिहायला लावलीत. कोणी पाहुणा येऊन गेला की चपला घालून तो वळणावर जायच्या आत तुमचं सुरू, "आन वही." हौसावन्सं: बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर, आधी 'आई गं', मग बूड टेकतात. शेजारचे तात्या: तपकीर, उजवी वहाण घासते. सरपंचांची बायको: बोलताना समोरच्याच्या हाताला हात लावते. कधी कधी तुम्ही उगाच काहीही लिहायला सांगायचात. माझ्या सख्ख्या भावाच्या पानावर तुमच्या अक्षरात 'जेवायच्या येळेलाच येतो' अजून तसंच आहे. गिऱ्हाईक बायकांचं मला अवघड नव्हतं. एकदा खांद्याला टेप लावली की ती पाठ मी विसरत नाही. तोंडाचं तेवढं सांगू नका.

तरी गावाने मला शिष्ट ठरवलंच. समोरून जाते आणि बोलत नाही, म्हणे. तुमचा जीव खालीवर व्हायचा. "सांगून टाकू या गं एकदा. काय खात्यात का काय?" मी म्हणायचे, शिष्ट चालेल, वेडी नाही चालणार. यावरून आपण किती वेळा भांडलो त्याचा हिशेब नाही. दर वेळी भांडण तिथेच येऊन थांबायचं, आणि तुम्ही मेंढरांकडे जायचात.

बाजारातलं आपण पुन्हा कधी बोललो नाही. आज लिहितेच. सारिका चार वर्षांची. मिरजगावच्या बाजारात मी भाजी घेत होते, तिचा हात सुटला. मागे वळले तर निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक. तो मीच शिवला होता. हात धरला आणि निघाले. बांगड्यांच्या पालापर्यंत पोरगी गप्प होती, मग भोकाड पसरलं. मी म्हणते, गप सारे, गप, काय झालं? मागून एक बाई धावत आली, माझ्या हाताला हिसडा मारला आणि ओरडली, "पोर पळवती व्हय गं?" त्याच ताग्यातल्या कापडाचा फ्रॉक मी त्या पोरीलाही शिवून दिला होता, महिन्याभरापूर्वी. माणसं गोळा झाली. कोणी केसाला हात घातला. मला माराची भीती नव्हती. माझी खरी सारिका कुठे होती मला माहीत नव्हतं, आणि ती त्या गर्दीत माझ्यासमोर उभी असती तरी मला कळलं नसतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. या तेरा दिवसांपर्यंत.

तुम्ही आलात, सारिका तुमच्या कडेवर. "हिला ऊन लागलंय वो, जाऊ द्या," असं सगळ्यांना सांगितलंत आणि मला घरी आणलंत. दुसऱ्या दिवशी एका कोकराच्या गळ्यातलं पितळी घुंगरू काढलंत, राखेनं घासून लख्ख केलंत आणि पोरीच्या पैंजणाला बांधलंत. पोरीला वाटलं, आप्पांनी लाडानं बांधलं. सातवीत गेल्यावर मैत्रिणी हसतात म्हणून तिने ते सोडून फेकलं. मी ते मशीनच्या खणात बटणांबरोबर ठेवून दिलं. तोवर तिचा आवाज मला पाठ झाला होता.

आवाजावर सगळं भागलं असतं. पण नगरच्या स्टँडवर तिने आवाज दिला नाही.

तिने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून मी फुगून बसले होते, चार महिने बोलले नव्हते, हे खरं. तुम्ही गुपचूप जाऊन आलात तेही मला माहीत होतं. त्या दिवशी आपण अस्तराचं कापड आणायला नगरला गेलो होतो आणि तुम्ही मला बाकड्यावर बसवून चौकशीच्या खिडकीवर गेलात. एक पोरगी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. केस कापलेले, पंजाबी ड्रेस, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कोणाची तरी बस चुकली. मी तिच्याकडे बघितलं आणि मिरजगावची गाडी लागली का बघायला मान फिरवली. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. 'आई' एवढंच म्हणाली असती तर मी धावले असते. पण ती बघत होती की आई आधी बोलते का.

संध्याकाळी तिचा तुम्हाला फोन आला. तुम्ही फोन ठेवून माझ्याजवळ बसलात आणि सांगितलंत. मी कपाळ बडवून घेतलं. तुम्ही म्हणालात, "आत्ताच्या आत्ता सांगतो तिला. तिला कळंल." आणि मी तुम्हाला तिच्याच गळ्याची शपथ घातली. का घातली, तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. बहाणा वाटेल, वेडी म्हणतील, असलं काहीबाही बोलले. खरं कारण आज सांगते. तिला कळलं असतं की तिच्या आईने तिला लहानपणापासून कधी तोंडावरून ओळखलंच नाही. शाळेतून पळत यायची तेव्हाही मी घुंगराकडे धावत होते. हे कुठल्या लेकीला कसं सांगायचं?

त्यानंतर ती यायची, पण पाहुणीसारखी. माझ्याशी 'हो', 'नाही', 'बरंय'. तुमच्याशी मात्र तास तास. मी तिला ब्लाउज शिवून पाठवायचे तुमच्याबरोबर. तेच माझं बोलणं.

आणि ते मोबाईलचं. अजून दोन महिनेही झाले नाहीत. तुम्ही चष्मा लावून अंगणातून पळतच आलात, "आगं हे बघ, हे बघ! ही बाई काय म्हनती. हिला बी तोंडं वळकू येत न्हाईत. आशी लई मानसं हायत जगात. तू येकटी न्हाईस!" तुमचा आनंद काय विचारता. जणू हरवलेली मेंढी सापडली. आणि मी काय केलं? मोबाईल तुमच्या हातातून घेतला आणि बंद केला. म्हणाले, "मी मेल्यावर सांगा सगळ्यांना." तुम्ही म्हणालात, "आन मीच आदी मेलो तर?"

मी म्हणाले, "मग तेव्हाचं तेव्हा बघू."

आपलं शेवटचं भांडण. माझ्या मते मीच जिंकले होते.

त्या सकाळी तुम्ही शेडमध्ये पाला टाकायला गेलात आणि मेंढरं नेहमीपेक्षा वेगळीच ओरडायला लागली. पुढचं सगळं जीप, दवाखाना, माणसं. मला मागे ठेवून तुम्हाला नेलं. दुपारी परत आणून अंगणात ठेवलं तेव्हा तुम्ही पांढऱ्यात गुंडाळलेले होतात. टोपी नव्हती. चष्मा नव्हता. अंगाला दवाखान्याचा वास. मला पुढे बसवलं आणि कोणीतरी म्हणालं, "बघून घे गं त्येनला."

अहो, मी बघितलं. आणि मला तुम्ही सापडला नाहीत.

तुमच्या सगळ्या खुणा तुमच्या चालण्या-बोलण्यात होत्या. डाव्या पायावर जरा झुकून चालणं, बोलायच्या आधीचं ते खाकरणं, माझ्या नावाऐवजी 'ऐकलं का'. त्या सगळ्या गेल्या आणि मागे उरलं फक्त तोंड, जे मला वाचता येत नाही. माझ्या मनात काय आलं सांगू? दवाखान्यातून चुकून दुसराच माणूस आणलाय. माझे मालक मागून येतायत, आत्ता खाकरतील. मी चादरीखाली हात घातला. तुमचा डावा अंगठा चाचपला. लोकर कातरताना कात्रीखाली आलेला, नख मधोमध दुभंगलेलं. ते बोटाला लागलं आणि मग मी ओरडले. बायका म्हणाल्या, हात सोडवत नाही बिचारीला. मी हात धरला नव्हता हो. मी खात्री करत होते.

त्याच वेळी सगळ्या जणी येत होत्या. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, येणारी बाई गळ्यात पडते आणि आपण रडता रडता तिचं नातं बोलून हंबरडा फोडायचा. आत्याबाई आली तर 'आत्याबाई हो', जाऊ आली तर 'बाई गं'. माझ्या गळ्यात एकामागून एक पडत होत्या आणि मी नुसती 'कसं झालं हो' एवढ्यावर भागवत होते. हौसावन्सं तेवढ्या मला कळल्या, कारण बसताना 'आई गं' म्हणाल्या. मग कोणीतरी ओरडलं, सारिका आली. मी डोकं वर केलं. दारातून पाच-सहा जणी आत येत होत्या, पदर-ओढण्या पुढे ओढलेल्या, रडणाऱ्या सगळ्या बायकांचा आवाज एकसारखाच होतो. माझी लेक त्यांत कुठली?

आणि मला पोपटी ब्लाउज दिसला. बाहीला जांभळी पायपिंग. दिवाळीत मीच शिवून तुमच्याबरोबर पाठवलेला. मी उठून धावले. तिला मिठी मारली आणि आकांत केला, "सारे, तुझं आप्पा गेलं गं!" हाताखालचे खांदे ताठ झाले. माझ्या बोटांना कळलं, हे माप माझ्या लेकीचं नाही. इथला खांदा अर्ध्या इंचाने रुंद. ती सारिकाची नणंद होती, ज्योती. ब्लाउज तिला आवडला म्हणून सारिकाने दिला होता. मी मान फिरवली तर तिच्या शेजारी हातभर अंतरावर एक साध्या ड्रेसमधली पोरगी उभी होती. रडायची थांबून माझ्याकडे बघत होती.

बाजारातली तीच चूक, मी पुन्हा केली. तेव्हा तुम्ही होतात.

चौथ्या दिवशी तुमचा फोटो मोठा करून आणला, हार घालून टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "ह्यो कुनाचा?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वन्सं म्हणाल्या, तिला काय सुधरंना झालंय, धक्का बसलाय. त्या फोटोतल्या गृहस्थांना मी रोज उदबत्ती लावते. भला माणूस दिसतो. पण खरं सांगते, मला त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून वहीत लिहिते आहे.

डोळे मिटले तर तुम्ही आठवता ते तुकड्यांनी. हात येतो. अंगाला लोकरीचा वास येतो. खाकरणं येतं. ते सगळे तुकडे जोडायला जाते तर वर मधोमध रिकामंच. आणि दुसरं याच्या उलट. नको तिथे तुम्ही सापडता. परवा रस्त्याने कोणीतरी डाव्या पायावर झुकत चाललं होतं आणि मी पातेलं टाकून दारापर्यंत गेले. तोंडात 'अहो' आलं होतं. तुम्ही गेलात हे मला कळलंय, माझ्या कानांना अजून कळलेलं नाही. कोणी खाकरलं की आत एक मेंढी वळून बघते. मला भीती वाटते की उद्या मी कोणातरी परक्याच्या मागे रस्त्याने निघून जाईन. आणि याहून मोठी भीती ही, की हळूहळू ती वळून बघायची थांबेल. माझ्या आईचा आवाज असाच गेला. कधी गेला ते कळलंही नाही. तुमचं माझ्याकडे आवाजाशिवाय काय आहे?

दहाव्याला नदीवरून पुरुष परत आले, पुतणे, भाऊबंद, डोकी उतरवलेली. सगळे एकसारखे. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांतला एक पुढे आला आणि मी आत पळाले. आत सारिका बॅग भरत होती. मला माहीत होतं की तीच आहे, कारण त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती मागे न बघता म्हणाली, "आज काय ज्योती न्हाई आली. तुला बरं वाटलं आसतं."

मी गप्प बसले असते. तेहतीस वर्षांची सवय. पण आतून कोणी ओरडून मला सोडवणार नव्हतं. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणाले होते, ते 'तेव्हा' येऊन समोर बसलं होतं. मी मशीनवरची वही उचलली, उलटी केली, तिचं पान काढलं आणि तिच्या हातात दिली. वही तिच्या हातातून निसटून खाली पडली. तिने उचलली.

तिच्या नावाची अडीच पानं आहेत, तुम्हाला माहीत आहे. 'पायात घुंगरू.' 'दोन वेण्या, निळ्या रिबिनी, रिबीन बदलली तर विचारणे.' 'हसायच्या आधी श्वास आत घेते.' 'डावा खांदा पुढे.' 'केस कापले. आवाजावर जा.' ती वाचत होती. कपाळाला आठ्या. मला वाटलं, आता वही फेकेल. मग ती शेवटच्या ओळीवर थांबली आणि मोठ्यांदा वाचली. ती ओळ मी कधी बघितली नव्हती, 'आवाजावर जा' लिहिल्यावर ते पान मी पुन्हा उघडलंच नव्हतं. तुमचं अक्षर.

'नगर ष्टँड. पोर समोर हुती. हिला कळलं न्हाई. पोर रडत गेली. ही बी रातभर रडली. शपत हाय म्हनून बोलता येत न्हाई.'

तुम्ही शपथ मोडली नाहीत. बोलला नाहीत. लिहून ठेवलंत. मला तुमचा राग आला आणि त्याच क्षणी तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि पाय नव्हते.

सारिका म्हणाली, "म्हंजी तू मला बघितलं न्हाईस?"

"बघितलं. वळखलं न्हाई."

"आन घुंगरू?"

"तुझ्या आप्पानं बांधलं. मला तू घावावीस म्हनून."

वही मांडीवर तशीच. मग म्हणाली, "आत्ता सुदिक? आत्ता मी भायेर जाऊन चार बायकांत हुबी राहिले तर?"

मी 'नाही' अशी मान हलवली. खोटं बोलायचं बळ नव्हतं. ती उठून बाहेर गेली. मी खोलीत बसून राहिले. बाहेर बायकांची जेवणं चालली होती, भांड्यांचे आवाज, बोलणी, आणि त्यात माझी लेक होती आणि मला कुठली ते कळत नव्हतं. वाटलं, गेली. सांगितलं आणि गेली. तुम्ही चुकलात, मी म्हणत होते तेच बरोबर होतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा मशीनचा खण उघडल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही, बघून काय उपयोग. ती कोणीही असो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून छुन असं वाजलं. मग अंगणात वाजलं. मग माझ्या मागे येऊन थांबलं. माझ्या खांद्यावर हात पडला आणि हाताबरोबर ते घुंगरू माझ्या कानाशी वाजलं. मनगटाला दोऱ्याने बांधलेलं.

"वळखलं का?" सारिका म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाने मला भीती वाटली नाही.

ती तेराव्यापर्यंत थांबली. दोन-तीन दिवस घरभर ते वाजत होतं. आज सकाळच्या गाडीने ती गेली, पुढच्या रविवारी येते म्हणाली. काल दारात तो माणूस आला तेव्हा ती दुकानात गेली होती. आली आणि रागावली. म्हणाली, "सरळ म्हनायचं, न्हाई वळखलं, नाव सांगा. रडतीस काय?" अगदी तुमच्यासारखं खाकरून म्हणाली, आणि माझ्या आत ती मेंढी वळून बघायला लागली. मी प्रयत्न करीन. वचन देत नाही. तुम्हाला माझी वचनं माहीत आहेत.

ती गेल्यावर घर गप्प झालं आणि मी वही घेऊन बसले. सगळ्यांची पानं चाळली. तात्यांचं आहे, सरपंचांच्या बायकोचं आहे, बँकेतल्या त्या पोराचंसुद्धा आहे. तुमचं नाही. तुम्ही कायम माझ्या शेजारी असायचात, तुम्हाला कशाला ओळखायचं होतं? म्हणून आज हे लिहायला घेतलं. डाव्या पायावर झुकून चालणं. बोलायच्या आधी खाकरणं. डावा अंगठा दुभंगलेला. मेंढरांना हाळी देताना शेवट वर चढवणं. लोकरीचा वास. 'ऐकलं का'. 'आन वही'. लिहून काढते आहे, पण शाई वाळतेय तसं वाटतंय की हे सगळं इथेच राहणार. अंगठा जळाला, चाल जळाली. तुम्ही जिथे गेलात तिथे यातलं काय बरोबर नेलंत, कोण सांगणार?

सारिकाच्या पायाला तुम्ही बांधलंत. तुमच्या पायाला काही बांधायचं माझ्याकडून राहूनच गेलं. माझीही वेळ येईल. तिथे म्हणे फार गर्दी असते. मी येईन आणि तशीच उभी राहीन, नगरच्या स्टँडवर बसले होते तशी, आणि तुम्ही समोरून याल तरी मला कळणार नाही. मी तुमच्याकडे बघून मान फिरवली तर रागावू नका. मी आधी बोलते का, याची वाट बघत उभे राहू नका.

हाक तुम्हीच मारा.